‘प्रयोजक’ आणि ‘अप्रयोजक’ झाडे : नवी मुंबईच्या बागांमागील इतिहास

१

शहर वसविताना रस्ते, गटारे, वसाहती आणि कारखाने यांचे आराखडे अगोदर तयार होतात. झाडांचा विचार बहुधा मागाहून येतो. तथापि कोणत्या झाडांना शहरात जागा मिळाली आणि कोणत्यांना ती मिळाली नाही, हे पाहिले असता त्या शहराच्या कर्त्यांनी ‘उपयोग’ या शब्दाचा कोणता अर्थ मनाशी धरला होता, याचा चांगला बोध होतो. या प्रकारच्या अभ्यासाला नवी मुंबई हे सोयीचे उदाहरण आहे. शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील पंच्याण्णव गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या शहरासाठी मुक्रर करण्यात आली. जुन्या शहरांत अनेक शतकांची लागवड एकमेकींत मिसळलेली असते. येथे मात्र ती जवळजवळ सर्वच गेल्या अर्धशतकातील असल्यामुळे तिच्यामागील निवडीचे निकष वेगळे काढून दाखविता येतात.

अलीकडे या शहरात, आणि शेजारच्या ठाणे-मुंबईतही, स्थानिक वनस्पतींच्या बागा करण्याकडे लक्ष वळले आहे. फुलपाखरे, मधमाश्या, पक्षी आणि वटवाघळे यांना अन्न व आसरा मिळावा, हा अशा बागांचा उद्देश असतो. हा विचार परदेशातून नुकताच आला असावा, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत विवेचनात ती तपासावयाची आहे. कोणत्या झाडावर कोणता जीव जगतो, याचे पद्धतशीर ज्ञान मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच जमू लागले होते आणि त्यातील काही भाग तर कोकणातच मिळविलेला होता. उणीव होती ती हे ज्ञान रोपवाटिकेपर्यंत पोहोचण्याची. ही तूट कशी पडली आणि ती भरून निघताना कोणता नवा धोका संभवतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

नव्या शहराखाली गेलेली भूमी एकाच प्रकारची नव्हती, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेणे अगत्याचे आहे. पूर्वेच्या बाजूस पारसिकची रांग, खारघरचे डोंगर आणि त्यांच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा परिसर. या उतारांवर साग, ऐन, कुडा, पांगारा अशी पानझडी झाडे व त्यांच्याखाली कारवीची दाट वाढ असे. डोंगराच्या पायथ्याशी भाताची खाचरे होती. त्यांच्या खालच्या अंगास खारे पाणी अडवून केलेली खाजणे, मिठागरे आणि त्यांचे बांध होते. त्यापलीकडे खाडीचा चिखल आणि तिवर, चिप्पी व कांदळ यांची झाडी. बांधांवर भेंड, करंज, सावर आणि ताड ही झाडे उभी असत. शेतात व मिठागरांत आगरी व कराडी, खाडीत कोळी, आणि डोंगरउतारावर ठाकूर व कातकरी अशी वस्ती होती.

या गावांतील परसबाग ही शोभेची बाग नव्हती. शेवगा, केळ, अळू, लिंबू, कढीपत्ता, तुळस, अडुळसा ही झाडे स्वयंपाकासाठी, औषधासाठी किंवा पूजेसाठी लावली जात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू आणि भारंगी आपोआप उगवत. त्यांची भाजी केली जाई आणि उरलेली झाडे फुलावर जात. फुलपाखरांसाठी म्हणून येथे कोणी काही लावीत नव्हते. तथापि लिंबू आणि कढीपत्ता यांच्या पानांवर शेपटीवाल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या. अडुळशाच्या फुलाला भुंगे येतात आणि कुर्डूच्या तुऱ्यांवर दिवसभर कीटकांची ये-जा असते. अर्थात परसबागेचा हा दुसरा उपयोग कोणाच्याही योजनेत नव्हता. ती बाग पुरेशी अव्यवस्थित होती आणि तिच्यातील वनस्पती बहुतांशी त्या भूमीतल्या होत्या, एवढ्याच कारणाने तो साधत असे.

गावदेवीच्या आवारातील वृक्ष आणि देवराया यांच्या बाबतीत मात्र संरक्षण हेतुपूर्वक होते. उंबर तोडू नये, देवाच्या रानातले लाकूड घरी नेऊ नये, असे निर्बंध कोकणात व घाटमाथ्यावर सर्वत्र आढळतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय मोल अभ्यासकांच्या निदर्शनास आणले. पाहणीचा हा काळ आणि नव्या शहरासाठी भूसंपादन होण्याचा काळ एकच आहे, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

३

मराठी राज्यकारभाराच्या ग्रंथांत झाडांच्या निवडीविषयी जे विचार आढळतात, त्यांत रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’चे स्थान महत्त्वाचे आहे. १७१५-१६ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमारासाठी लागणारे लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असा दंडक आहे, आणि तो पुष्कळदा सांगितला जातो. त्या मानाने गडावरील झाडांविषयीचे कलम कमी परिचित आहे. थोर वृक्ष, लहान वृक्ष, फुलझाडे आणि वेली यांचा उल्लेख करून, जे जे झाड गडावर होऊ शकेल ते लावावे व जतन करावे, मग ते प्रयोजक असो वा अप्रयोजक, असा त्याचा आशय आहे.

या कलमाला आधुनिक निसर्गरक्षणाचे स्वरूप देणे अनैतिहासिक ठरेल. प्रसंग पडेल तेव्हा प्रत्येक लाकूड उपयोगी येते, हा त्यामागील हिशेब उघड आहे. वेढा पडलेल्या गडाला जळणाची चिंता असते. तरीही त्यातील विचारपद्धती उल्लेखनीय आहे. आज ज्याचा उपयोग दिसत नाही, त्याचा उपयोग पुढे दिसू शकतो. म्हणून उपयोगाचा निर्णय घाईने करू नये, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले आहे. पुढील काळातील लागवडीचा इतिहास पाहता हे तत्त्व हळूहळू मागे पडत गेले असे दिसते. उपयोगाची व्याख्या प्रत्येक पिढीने आपापल्या गरजेपुरती आखून घेतली आणि त्या रेषेबाहेरची झाडे ‘अप्रयोजक’ ठरली.

४

‘स्थानिक’ या शब्दाविषयीही येथेच काही खुलासा करणे अवश्य आहे. कोकणची भूमी समुद्रमार्गाने जगाशी जोडलेली असल्यामुळे बाहेरच्या वनस्पती येथे फार पूर्वीपासून येत राहिल्या. पोर्तुगीज अमलात काजू, पेरू, पपई, अननस आणि मिरची ही अमेरिकेतील झाडे आली व कोकणच्या जीवनात इतकी मुरली की त्यांना परकी म्हणणे कानाला खटकते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथात या किनाऱ्यावरील फळांचे व झाडांचे वर्णन आहे. मुंबई बेटही काही काळ या वैद्याकडे खंडाने होते. देवळाच्या आवारातला देवचाफा अमेरिकेतून आलेला आहे, आणि दसऱ्याच्या तोरणातील झेंडूचे मूळ मेक्सिकोत आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी गावे उठविण्यात आली, त्यांपैकी एकाचे नाव चिंचपाडा होते. पण ज्या चिंचेवरून गावाला नाव पडले ती चिंच मूळची आफ्रिकेतील. ती मात्र इतक्या प्राचीन काळी येथे आली की तिच्या आगमनाची स्मृतीही उरली नाही.

यावरून स्थानिक आणि परके हा भेदच निरर्थक आहे, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो बरोबर नाही. माणसाच्या संस्कृतीने एखादे झाड आपलेसे करणे ही काही शतकांची गोष्ट असते. किडा आणि पान यांचे नाते त्याहून कितीतरी लांबच्या काळात घडत आलेले असते. झेंडू तोरणात शोभतो आणि त्याच्या मधावर फुलपाखरे येतातही. परंतु येथील किती जातींच्या अळ्या त्याच्या पानावर वाढू शकतात, हा प्रश्न वेगळा आहे. भेदाची कसोटी संस्कृतीत न शोधता या दुसऱ्या प्रश्नात शोधली, तर तो स्पष्ट व उपयुक्त राहतो. या कसोटीलाही अपवाद आहेत. मादागास्करकडून आलेल्या पानफुटीच्या मांसल पानात येथील एका लहान, तांबड्या-काळ्या फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. पण हे अपवाद आहेत आणि ते अपवाद म्हणूनच मोजले पाहिजेत.

५

वनस्पतींची ही विभागणी मुंबईच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना अज्ञात नव्हती. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेची स्थापना १८३० साली मुंबईत झाली. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ साली मुंबई व तिच्या परिसरातील वनस्पतींची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्या नावातच आपोआप उगवणाऱ्या, लागवडीच्या आणि बाहेरून आणलेल्या असे तीन वर्ग सांगितलेले आहेत. डॅलझेल आणि गिब्सन यांनी १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा बाहेरून आलेल्या वनस्पती त्यांनी स्वतंत्र पुरवणीत टाकल्या. थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरील विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात पूर्ण झाला. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी कोणती वनस्पती कोठली, याचे ज्ञान बऱ्याच अंशी स्थिर झाले होते.

बागांचा प्रवाह मात्र दुसऱ्या दिशेने वाहत होता. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६१-६२ च्या सुमारास उभी राहिली. अशा उद्यानांचा मान दूरदेशीच्या, दुर्मिळ व देखण्या झाडांवर अवलंबून असे. मादागास्करचा गुलमोहर आणि अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष उद्यानांतून रस्त्यांवर आणि रस्त्यांवरून लोकांच्या मनात गेले. ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे भारतातील सुंदर वृक्षांवरील पुस्तक १९३७ साली निघाले. त्यात देशी व परदेशी वृक्षांना एकाच सौंदर्याच्या निकषावर स्थान मिळाले. हे दोघेही उत्तम जाणकार होते. झाड कोठले आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते; परंतु बागेसाठी झाड निवडताना तो प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. सरकारी नोंदींत सौंदर्याच्या जागी उपयोग येई. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात, ज्याच्या कक्षेत तेव्हा पनवेल व उरणचाही समावेश होता, रानातील झाडांची माहिती मुख्यतः लाकूड, साल, फळ व तेल यांच्या अनुषंगाने आलेली आहे. शास्त्रज्ञाची यादी, उद्यानाची निवड आणि महसुलाची नोंद अशा तीन वेगळ्या वाटा पडल्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या नाहीत.

६

चौथी वाट निसर्गनिरीक्षकांची. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. तिच्या संस्थापकांपैकी एक, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. जकात व मीठ खात्यातील नोकरीमुळे त्यांची नेमणूक खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी अशा ठिकाणी होत गेली. उरण हे आज नवी मुंबई प्रकल्पाच्या क्षेत्रात मोडते. मिठागरांवर देखरेख करणारा अधिकारी बंगल्याभोवतीच्या मुंग्या, कोळी, पक्षी व फुलपाखरे यांच्याविषयी खुसखुशीत इंग्रजीत लिहीत होता, हा त्यांच्या लेखनाचा परिचित भाग. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. जेम्स डेव्हिडसन आणि टी. आर. बेल यांच्यासह त्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. यांतील एक मुलकी अधिकारी, दुसरा वनखात्यातला आणि तिसरा मिठाच्या खात्यातला; तिघांनी मिळून अळ्या गोळा केल्या, वाढविल्या आणि कोणती अळी कोणत्या झाडाचे पान खाते, याची नोंद केली. बेल यांनी पुढे १९०९ ते १९२७ या काळात मैदानी प्रदेशातील फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला लिहून हे काम विस्तारले.

या नोंदींचे महत्त्व असे की फुलपाखरू फुलावर जगते, या ढोबळ समजुतीला त्यांनी अचूक स्वरूप दिले. प्रौढ फुलपाखरू निरनिराळ्या फुलांचा मध घेते. त्याला बहुधा फूल देशी की विदेशी याचे सोयरसुतक नसते. अळी मात्र ठराविक कुळातील, कधी कधी एखाद्याच जातीतील पाने खाते. रुई नसेल तर बिबळ्या कडवा या फुलपाखराची अंडी कोठे पडावयाची? लिंबाच्या कुळातील झाडे नसतील तर निळ्या-काळ्या पंखांचे नीलवंत, म्हणजेच राणी पाकोळी, त्या ठिकाणी पिढी वाढवू शकत नाही. केवळ फुलांची बाग ही फुलपाखरांची खानावळ होते. पानांची बाग असेल तरच ती त्यांचे घर होते.

पक्ष्यांच्या बाबतीत हेच काम सालिम अली यांनी केले. १९३१ साली त्यांनी कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या या पक्ष्यांचा वाटा काय, यावर निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी भारतातील ‘फूलपक्षी व पक्षीफुले’ या विषयावर दुसरा. पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे पानगळीनंतर, रान उघडे पडले असता फुलतात आणि शिंजीर, बुलबुल, मैना यांना त्या कोरड्या दिवसांत मध पुरवितात. उलट पक्षी त्यांचे परागण करतात. बांडगुळाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आंब्याच्या बागाइतदाराला बांडगूळ शत्रू वाटते आणि त्याचे म्हणणे त्याच्या परीने रास्त आहे, कारण ते फांदीतील रस शोषते. तथापि त्याच्या नळीसारख्या फुलांतील मध शिंजीर घेतो, त्याचे चिकट फळ फुलटोच्या खातो व बी दुसऱ्या फांदीवर टाकतो, आणि हळदीकुंकू नावाच्या सुंदर फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. ‘अप्रयोजक’ या शब्दाला याहून समर्पक उदाहरण मिळणे कठीण. पण कोणत्याही काळच्या माळ्याला बांडगूळ लावण्याचा उपदेश कोणी केला नाही. कोणत्या झाडावर ते राहू द्यावे, एवढेही कोणी सांगितले नाही.

हे सर्व लेखन इंग्रजीत, मर्यादित वर्गणीदारांच्या नियतकालिकात झाले. ज्या ठाकूर-कातकऱ्यांना झाड आणि जीव यांची नाती प्रत्यक्ष व्यवहारातून माहीत होती, त्यांच्यापर्यंत ते पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या बागकाम खात्यांना त्याचा उपयोग करता आला असता, त्यांनी ते बागकामाचे साहित्य म्हणून वाचले नाही.

७

मुंबईच्या समोरच्या तीरावर नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १९६८ साली कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य झाले. १९७० साली शहराचे महामंडळ स्थापन झाले. निसर्गासाठी कडेला राखलेली जागा आणि शहरासाठी मोकळी केलेली जागा अशी ही वाटणी होती. शहराच्या आतही एक प्रकारचे रान असू शकते, हा विचार त्या काळी फारसा प्रचलित नव्हता. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून जो संघर्ष पेटला, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारांत पाच शेतकरी मृत्युमुखी पडले आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण पुढे आले. जमिनीचे मोल पैशात ठरविण्याच्या या झगड्यात बांधावरच्या भेंडीचे किंवा परसातील अडुळशाचे मोल कोणी मांडले नाही. मांडण्याची ती वेळही नव्हती.

त्या परिस्थितीत लागवडीचे निकष काय असणार, हे समजणे कठीण नाही. भराव टाकलेली जमीन, खारा वारा, मुसळधार पाऊस आणि त्यामागून येणारे आठ महिन्यांचे कोरडे दिवस. वर मोकाट गुरे. जे झाड लवकर वाढेल, गुरे खाणार नाहीत, ज्याची रोपे हजारांनी मिळतील आणि जे सावली धरील, ते झाड ‘प्रयोजक’ ठरले. रस्त्यांवर गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष आले. राज्यभरही हीच दिशा होती. उरुळीकांचनच्या भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनने १९७० नंतरच्या दशकात चारा व जळणासाठी सुबाभळीचा प्रसार केला. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. उजाड टेकड्यांवर गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्याचा परिपाठ पडला. जळणाची टंचाई आणि उघडे डोंगर ही त्या काळातील खरी संकटे होती. या निवडीला अज्ञान किंवा दुर्लक्ष म्हणून निकालात काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

परिणामांचा हिशेब मात्र मांडला पाहिजे. सोनमोहराच्या फुलांवर सुतारभुंगे येतात आणि पर्जन्यवृक्षावर पक्षी घरटी बांधतात. तेव्हा ही झाडे जीवशून्य आहेत असे म्हणता येणार नाही. पण येथील अळ्यांना त्यांच्या पानांचा आधार अल्प असतो. सुबाभूळ बियांनी आपोआप पसरते आणि दुसऱ्या रोपांची जागा घेते. याच्या उलट वड, पिंपळ व उंबर यांची स्थिती पाहावी. या प्रत्येक जातीच्या फळाच्या आत फुले असतात आणि त्यांचे परागण बहुतांशी त्या त्या जातीची चिमुकली माशी करते. एका जातीची सर्व झाडे एकाच वेळी फळत नसल्यामुळे परिसरात वर्षभर कोठे ना कोठे फळ असते; तांबट, कोकीळ, हरियाल आणि फळे खाणारी वटवाघळे त्यावर जगतात. रस्त्याच्या कडेला मुळे पदपथ उचलतात म्हणून या झाडांना जागा मिळत नाही, हे कारण खरे आहे. परंतु उद्यानांत आणि गावठाणांच्या आवारांत ती अडचण येत नाही.

८

तुटलेला सांधा जुळण्यास प्रारंभ झाला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी खाजगी प्रयत्नांना आहे. ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर ओवळे येथे राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या जमिनीवर अळ्यांची खाद्यझाडे व मधाची फुलझाडे लावून फुलपाखरांची बाग उभारली. आयझॅक किहिमकर यांचा भारतीय फुलपाखरांवरील ग्रंथ २००८ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे आला आणि एटकेन-बेल यांच्या परंपरेतील माहिती छायाचित्रांसह सामान्य वाचकाच्या हाती पडली. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी अखेर बागेत उतरल्या, असे याचे वर्णन करता येईल.

शासनाच्या निर्णयांतही हा बदल प्रतिबिंबित झाला. ताम्हण हे राज्यफूल व हरियाल हा राज्यपक्षी पूर्वीच ठरले होते. २०१५ मध्ये नीलवंत हे राज्य फुलपाखरू आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला. चिप्पीची गोष्ट विशेष अर्थपूर्ण आहे. खाडीची झाडी ही भराव टाकण्यास योग्य अशी पडीक जागा, असाच दृष्टिकोन दीर्घकाळ होता. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या तोडीस मनाई केली. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. रात्री उमलणाऱ्या चिप्पीच्या फुलांवर वटवाघळे व पतंग येतात; तिवराच्या फुलांवर मधमाश्या मध गोळा करतात. काल ‘अप्रयोजक’ म्हणून पुरले जाणारे झाड आज राज्याचे मानचिन्ह आहे. आज्ञापत्रातील सावधगिरी कशी रास्त होती, हे या एका उदाहरणावरून पटेल.

येथेच नवा धोकाही दिसून येतो. स्थानिक झाडे लावावीत हे मान्य झाले की, ती कोठेही व दाट लावावीत, अशी समजूत मागोमाग येते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने दाट वने लावण्याचा प्रघात शहरांत वाढला आहे. कोपरखैरणे येथील निसर्ग उद्यानातही असे वन लावले गेले. वापरून सोडलेल्या जागेवर हा उपाय उपयुक्त ठरू शकतो. परंतु मियावाकी यांचे मूळ तत्त्व, त्या ठिकाणी निसर्गतः कोणते वन उभे राहिले असते ते आधी शोधावे, हे होते. नवी मुंबईतील पुष्कळ भूमीवर निसर्गतः वन उभेच राहिले नसते. रोहित पक्षी आणि हिवाळ्यात येणारे चिखलपक्षी उघड्या चिखलावर चरतात. त्या चिखलावर कांदळ लावले तर झाड स्थानिक असूनही लागवड चुकीची ठरते. डोंगरमाथ्यावरील गवताळ उघड्या जागेत पावसाळी रानफुले येतात. तेथे झाडांची गर्दी केली तर ती नाहीशी होतात. जमिनीत बिळे करून राहणाऱ्या एकट्या मधमाश्यांना उघडी माती हवी असते. बाग पूर्णपणे फरसबंद केली, किंवा सगळा पालापाचोळा रोज झाडून नेला, तर देशी झाडांची संख्या कितीही असली तरी त्यांचे तेथे भागत नाही. तात्पर्य, ‘स्थानिक’ हे विशेषण राज्याला किंवा जिल्ह्याला न लावता खाडी, खाजण, बांध, गावठाण आणि डोंगर यांना वेगवेगळे लावले पाहिजे.

९

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. नवी मुंबईच्या प्रदेशात झाड व जीव यांच्या नात्याचे ज्ञान दोन ठिकाणी साठलेले होते : एक गावांच्या व्यवहारात आणि दुसरे निसर्गनिरीक्षकांच्या नियतकालिकांत. शहराची लागवड करणाऱ्यांनी या दोहोंपैकी कोणतेही मुद्दाम नाकारले नाही. उपयोगाची त्यांची व्याख्याच अशी होती की त्यांना ते विचारात घेण्याचे कारण पडले नाही. व्याख्या अजूनही पूर्णपणे बदललेली नाही. नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांच्या व त्याहून जुन्या वृक्षांना वारसावृक्ष मानण्यात आले. ही तरतूद स्वागतार्ह आहे. तथापि तिचा निकष वयाचा आहे. शहराच्या आरंभी लावलेले गुलमोहर व सोनमोहर आता त्या वयाला पोहोचत आहेत, आणि गावठाणाच्या कडेचा कालपरवा उगवलेला उंबर, ज्याच्यावर अधिक जीव अवलंबून राहू शकतात, त्या मापात बसत नाही. जुने वृक्ष तोडावेत असा याचा अर्थ मुळीच नाही. वयाच्या मापाबरोबर आश्रिताचेही एक माप हवे, एवढाच याचा अर्थ आहे.

अभ्यासकांपुढे यातून एक निकडीचे काम उभे राहते. १८८२ चे गॅझेटिअर, मोजणीचे नकाशे, सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड आणि रोपवाटिकांच्या नोंदी ही साधने लेखी असल्यामुळे ती थांबू शकतात. गावठाणांतील वृद्ध माणसे, विशेषतः परसबागा सांभाळलेल्या आणि पावसाळी भाज्या ओळखणाऱ्या स्त्रिया, हे साधन थांबणारे नाही. कोणत्या बांधावर काय उभे होते, कोणत्या झाडाला मोहोळ लागे, कोणते झाड कोणत्या पक्ष्यासाठी म्हणून तोडले जात नसे, याची गाववार नोंद झाल्यास प्रत्येक उपनगराला आपापल्या भूमीची वनस्पतियादी मिळेल. पंच्याण्णव गावांची अशी नोंद करणे एका विभागाच्या आवाक्यातील काम आहे. ज्या पिढीने ही जमीन शहर होण्यापूर्वी कसली, ती पिढी हयात असेपर्यंतच ते होऊ शकेल.